तापमान सांगणारा मणी

अतिदक्षता विभागात खाटेशेजारच्या मॉनिटरवर आकड्यांची उतरंड असते. सगळ्यांत वर हृदयाचे ठोके, त्याखाली रक्तातला ऑक्सिजन, मग रक्तदाब, मग श्वास. आणि कुठेतरी कोपऱ्यात, बहुतेक वेळा लहान अक्षरांत, ३६.८ किंवा ३७.४ असा एक आकडा. भेटायला आलेले नातेवाईक ऑक्सिजन आणि ठोक्यांवर डोळे लावून बसतात. तापमानाचा आकडा मिनिटामिनिटाला हलत नाही, त्यामुळे त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पण भूल दिलेला रुग्ण आतून गार पडतोय, कमी वजनाच्या बाळाची ऊब निसटतेय, जंतुसंसर्ग डोकं वर काढतोय, हे कळण्याच्या वाटांपैकी एक महत्त्वाची वाट त्या कोपऱ्यातल्या आकड्यातून जाते.

त्या आकड्याच्या मुळाशी मोहरीच्या दाण्याएवढा एक मणी असतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात. तापमान बदललं की विजेला होणारा त्याचा रोध बदलतो, एवढंच त्याचं काम. त्याला ताप कळत नाही, शरीर कळत नाही, रुग्ण जागा आहे की भुलीखाली हेही कळत नाही. तो फक्त स्वतःचं तापमान सांगतो. मॉनिटरवर दिसतं ते मण्याचं तापमान. ते शरीराचं तापमान मानायचं की नाही, हे मणी कुठे बसवला आहे आणि कसा बसवला आहे यावर ठरतं. या साध्या वस्तुस्थितीचा विसर पडला, तर उत्तम यंत्रसुद्धा चुकीचा निरोप देतं. म्हणून मण्याच्या आत काय घडतं आणि मण्याच्या बाहेर काय बिघडू शकतं, या दोन्ही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

धातू तापला की त्यातून वीज जरा कष्टानं वाहते, हे हंफ्री डेव्हीनं १८२१ मध्ये दाखवून दिलं होतं. त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या मायकेल फॅरेडेला १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइड या पदार्थात नेमकं उलट आढळलं. पदार्थ तापवला की वीज अधिक सहज वाहू लागली, गार होऊ दिला की अडू लागली. फॅरेडेनं ही विचित्र गोष्ट निष्ठेनं नोंदवून ठेवली. तिचं स्पष्टीकरण द्यायला लागणारं भौतिकशास्त्र तेव्हा जन्मायचं होतं. इलेक्ट्रॉनचा शोधच लागायला आणखी सहा दशकं होती. उपयोगाच्या वस्तूपर्यंत यायला तर जवळजवळ शतक गेलं. सॅम्युएल रुबेन या अमेरिकी संशोधकानं १९३० च्या सुमारास पहिला व्यवहारात वापरता येण्याजोगा थर्मिस्टर बनवला. हाच रुबेन पुढे लहान बॅटऱ्यांच्या शोधांसाठी प्रसिद्ध झाला.

धातू आणि थर्मिस्टर यांच्या वागण्यात हा उलटेपणा का? तांब्याच्या तारेत मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात. तार तापली म्हणून त्यांची संख्या वाढत नाही, पण अणूंची थरथर वाढते आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे येतात. म्हणून रोध वाढतो. रुग्णालयात वापरला जाणारा थर्मिस्टर मात्र मँगनीज, निकेल, कोबाल्ट, लोह, तांबं अशा धातूंच्या ऑक्साइडांचा बनलेला असतो. त्यात मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास नसतातच. मँगनीजचे काही आयन तीन धनभारांचे, काही चार धनभारांचे. तीनवाल्याकडचा जास्तीचा इलेक्ट्रॉन शेजारच्या चारवाल्याकडे उडी मारतो आणि अशा उड्या घेत घेत वीज पुढे सरकते. प्रत्येक उडीला थोडी ऊर्जा लागते आणि ती उष्णतेतून मिळते. तापमान चढलं की उड्या झपाट्यानं वाढतात आणि रोध झपाट्यानं उतरतो. वाढत्या तापमानाबरोबर रोध घटतो म्हणून याला ऋण गुणांकाचा थर्मिस्टर म्हणतात. धन गुणांकाचेही थर्मिस्टर असतात. ते बेरियम टायटेनेटपासून बनवतात आणि एका ठरावीक तापमानाला त्यांचा रोध एकदम उसळी घेतो. मोटार किंवा सर्किट जळण्यापासून वाचवायला ते फार चांगले, पण रुग्णाचं तापमान मोजायला त्यांचा उपयोग नाही. आपला विषय ऋण गुणांकवाल्यांचा.

मणी बनवण्याची रीत कुंभारकामाच्या जवळची आहे. ऑक्साइडांच्या भुकट्या ठरलेल्या प्रमाणात बारीक दळायच्या, एकजीव करायच्या, दाबून चकत्या करायच्या किंवा प्लॅटिनमच्या केसासारख्या दोन तारांवर लगद्याचा थेंब ठेवायचा, आणि हजार अंशांच्या वरच्या भट्टीत भाजायचं. भाजल्यावर त्यावर काचेचं किंवा इपॉक्सीचं कवच चढवतात. हे कवच शोभेचं नाही. आत ओल शिरली की मण्याचा रोध हळूहळू सरकतो आणि वर्षभरापूर्वी खरा असलेला आकडा आज खोटा ठरतो. भुकट्यांचं प्रमाण, भट्टीचं तापमान, थंड करण्याचा वेग यांत थोडा फरक पडला तरी मण्याचा स्वभाव बदलतो. म्हणून नेमके एकसारखे मणी बनवणं हीच या धंद्यातली खरी विद्या. यातलं मँगनीज आपल्या ओळखीचं आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतल्या खाणी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथून निघणारं बहुतेक खनिज पोलादाच्या कारखान्यांकडे जातं.

तापमान मोजायला प्लॅटिनमची तारही वापरता येते. विल्यम सीमेन्सनं १८७१ मध्ये ती सुचवली, ह्यू कॅलेंडरनं पुढच्या काळात तिला प्रयोगशाळेतलं अचूक साधन बनवलं, आणि आजही तापमानाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी तिच्यावर आधारलेली आहे. मग रुग्णालयानं थर्मिस्टर का निवडला? उत्तर आकड्यांत आहे. शून्य अंशाला १०० ओहम रोध असलेली प्रमाणित प्लॅटिनमची तार एका अंशामागे साधारण ०.३९ ओहमनं बदलते. रुग्णालयात सर्रास वापरला जाणारा थर्मिस्टर शरीराच्या तापमानाजवळ एका अंशामागे सुमारे ५७ ओहमनं बदलतो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. संवेदनशीलता दहापट. याचा व्यवहारातला फायदा मोठा आहे. रुग्णापासून यंत्रापर्यंत दोन-तीन मीटर वायर जाते. त्या वायरीचा आणि पिनेचा मिळून १ ओहम जास्तीचा रोध आला, तर दोनच वायरींनी जोडलेल्या प्लॅटिनममध्ये अडीच अंशांची चूक होते. ती टाळायला तीन-चार वायरींची जोडणी करावी लागते. थर्मिस्टरमध्ये तेवढ्याच दोषानं अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकाच फरक पडतो. माणसाचं तापमान ३० ते ४३ अंशांच्या पट्ट्यात हलतं. एवढ्या अरुंद पट्ट्यात, स्वस्तात, बारीक फरक ओळखायचा तर थर्मिस्टरला तोड नाही, असं माझं मत आहे.

रुग्णालयांतल्या प्रोबांची, म्हणजे वायरीच्या टोकाला मणी बसवलेल्या साधनांची, एक जुनी आणि सर्वदूर पसरलेली मालिका आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या यलो स्प्रिंग्ज गावच्या वायएसआय या कंपनीनं रूढ केलेली ही ‘४०० मालिका’. त्यातल्या मण्याचा रोध २५ अंशांना २,२५२ ओहम, ३७ अंशांना १,३५५ ओहम आणि ४० अंशांना १,२०० ओहमच्या आसपास असतो. वायएसआयच्या या मालिकेतला एक प्रोब काढून दुसरा लावला तरी फरक ०.१ अंशाच्या आत राहावा, अशा काटेकोरपणे हे मणी जुळवलेले असतात. पण बाजारात दुसऱ्या जातीचे प्रोबही आहेत. २५ अंशांना १०,००० ओहम रोध असलेले पुष्कळ. त्यांपैकी एखादा प्रोब, पिन बसते म्हणून, २,२५२ ओहमची अपेक्षा करणाऱ्या मॉनिटरला जोडला तर काय होईल? ३७ अंशांना त्या मण्याचा रोध साधारण ६,००० ओहम असतो. मॉनिटर आपल्या तक्त्यात ६,००० ओहम शोधतो आणि तिथे त्याला ४ अंशांच्या आसपासचं तापमान सापडतं. इतका बेताल आकडा कुणीही ओळखेल, म्हणून ही चूक तशी निरुपद्रवी. धोका असतो तो किंचित वेगळ्या स्वभावाच्या, स्वस्त, बिननावाच्या प्रोबात. तो ३७ च्या जागी ३६.४ दाखवतो आणि कुणालाही संशय येत नाही. खरेदी करताना प्रोबच्या किमतीत काटकसर करणाऱ्या रुग्णालयांनी हे लक्षात ठेवावं.

मॉनिटरच्या आत हिशेब असा चालतो. थर्मिस्टरला एक पक्का, ज्ञात रोध जोडलेला असतो आणि दोघांवर मिळून ठरावीक व्होल्टेज दिलेलं असतं. ते दोघांत ज्या प्रमाणात वाटलं जातं, त्यावरून थर्मिस्टरचा रोध कळतो. रोधावरून तापमान काढणं मात्र सरळ त्रैराशिक नाही, कारण आलेख सरळ रेषेत जात नाही. तो गार बाजूला उभा चढतो आणि उष्ण बाजूला सपाट होत जातो. यावरचं सगळ्यांत प्रसिद्ध सूत्र समुद्रशास्त्रातून आलं. जॉन स्टाइनहार्ट आणि स्टॅन्ली हार्ट या दोघांनी १९६८ मध्ये ते प्रसिद्ध केलं, तेही खोल समुद्राच्या अभ्यासाला वाहिलेल्या नियतकालिकात. रोधाच्या लॉगरिदमचं एक पद, त्याच्या घनाचं एक पद आणि तीन स्थिरांक, एवढ्यावर ते सूत्र उभं आहे. समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्म फरक टिपायला केलेला हिशेब आज रुग्णांच्या तापमानासाठी जगभर वापरला जातो. विज्ञानातल्या अशा अनपेक्षित सोयरिकींबद्दल मला नेहमीच कृतज्ञता वाटते.

हिशेबात आणखी एक खाच आहे. रोध मोजायचा तर मण्यातून वीज सोडावी लागते, आणि वीज वाहिली की मणी स्वतः तापतो. म्हणजे मोजण्याच्या कृतीनंच मोजायची गोष्ट बदलते. अगदी लहान मण्याला स्थिर हवेत १ अंशानं तापायला साधारण १ मिलिवॉट पुरतं. १,३५५ ओहमच्या मण्यातून १ मिलिअँपिअर धारा सोडली तर त्यात १.३ मिलिवॉटहून जास्त उष्णता निर्माण होते आणि आकडा अंशभर फुगतो. तीच धारा दहापट कमी केली तर उष्णता शंभरपट घटते आणि चूक अंशाच्या एक-दीड शतांशापर्यंत खाली येते. म्हणून मॉनिटर मण्याला अगदी हलक्या हातानं विचारतो, काही यंत्रं तर क्षणभर वीज देऊन लगेच बंद करतात.

आता मण्याच्या बाहेरच्या जगाकडे वळू. ताप मोजण्याची शिस्त वैद्यकाला लावली ती लायप्झिगच्या कार्ल वुंडरलिखनं. सुमारे २५,००० रुग्णांची दहा लाखांहून अधिक मोजमापं गोळा करून त्यानं १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला आणि ३७ अंश हा आकडा जगाच्या तोंडी बसवला. त्याचा तापमापक फूटभर लांबीचा होता आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवावा लागे. त्याच सुमारास थॉमस क्लिफर्ड ऑलबटनं सहा इंचांचा, पाच मिनिटांत काम करणारा तापमापक आणला आणि डॉक्टरांच्या खिशात तो स्थिरावला. पण पाऱ्याच्या तापमापकाची एक मर्यादा कायम राहिली. तो सकाळी आणि संध्याकाळी असे दोन ठिपके देतो, मधली रेषा देत नाही. थर्मिस्टरनं ती रेषा दिली. अन्ननलिकेत, मूत्राशयात, नाकामागच्या पोकळीत तासन्‌तास राहून दर क्षणी निरोप पाठवणं पाऱ्याला शक्यच नव्हतं. पारा आता निरोपही घेतो आहे. मिनामाता करारानं पाऱ्याच्या तापमापकांच्या उत्पादनाला २०२० ची मुदत घातली होती.

शरीराला एकच तापमान नसतं, हे थर्मिस्टरनं सतत मोजल्यामुळे ठळकपणे दिसू लागलं. हृदय, मेंदू, यकृत यांचा गाभा उष्ण आणि जवळजवळ स्थिर. हातपाय आणि त्वचा यांचं आवरण हवामानाप्रमाणे गार-गरम होणारं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पूर्ण भूल दिली की आवळलेल्या रक्तवाहिन्या सैलावतात, गाभ्यातली ऊब हातापायांकडे वाहते आणि पहिल्या तासाभरातच गाभ्याचं तापमान एक ते दीड अंशानं उतरतं. रुग्ण झोपलेला असतो, कुडकुडूही शकत नाही. त्वचेवर मणी चिकटवलेला असेल तर त्याला उलट ऊब वाढल्यासारखी वाटेल! म्हणून भूलतज्ज्ञ अन्ननलिकेच्या खालच्या भागात, हृदयाच्या मागे, प्रोब सरकवून ठेवतात. हा अंशभराचा फरक किरकोळ नाही. १९९६ मध्ये ऑस्ट्रियात मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना गार होऊ दिलं त्यांचं सरासरी तापमान ३४.७ अंश होतं, ज्यांना उबेत ठेवलं त्यांचं ३६.६. जखमेत जंतुसंसर्ग झाला तो पहिल्या गटात १९ टक्क्यांना, दुसऱ्या गटात ६ टक्क्यांना. दोन अंशांच्या आतला फरक, आणि संसर्ग तिप्पट. शस्त्रक्रियेदरम्यान रुग्णावर ऊबदार हवा फुंकणारी पांघरुणं का घालतात, याचं कारण यात आहे.

मण्यावर सगळ्यांत मोठी जबाबदारी पडते ती नवजात बाळांच्या विभागात. आपल्याकडे ‘बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय’ असं म्हणतात, ती पेटी किंवा वरून उष्णता देणारा वॉर्मर बाळाच्या त्वचेवरच्या मण्याच्या हुकमावर चालतो. कमी दिवसांच्या बाळाची त्वचा पातळ, वजनाच्या मानानं अंगाचं क्षेत्रफळ मोठं, चरबी नाममात्र, आणि कुडकुडून ऊब निर्माण करण्याची ताकद नाही. गार पडलं की ते ऊब टिकवायला ऑक्सिजन आणि साखर खर्च करतं, ज्यांची त्याच्याकडे मुळातच टंचाई असते. विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दाखवून दिलं की पेटी थोडे अंश जास्त उबदार ठेवली तर जगणाऱ्या अकाली बाळांचं प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटना नवजात बाळासाठी ३६.५ ते ३७.५ अंश हा पट्टा सांगते. सिस्टर बाळाच्या पोटावर, उजव्या बाजूला, यकृताच्या वर मणी चिकटवतात आणि यंत्राला ३६.५ हे लक्ष्य देतात. मणी गार, तर हीटर वाढतो. मणी उबदार, तर हीटर उतरतो.

इथे मणी फक्त बातमी देत नाही, तो कारभार चालवतो. त्यामुळे मणी फसला की कारभारही फसतो. चिकटपट्टी सुटून मणी त्वचेवरून उचलला गेला तर त्याला हवा लागते, तो गार पडतो, यंत्राला वाटतं बाळ गारठलं, आणि हीटर पूर्ण जोरानं चालू होतो. बाळ मुळात उबदार असताना भाजून निघण्याची वेळ येते. उलट, बाळ कूस बदलून मण्यावरच झोपलं तर अंग आणि गादी यांच्यामध्ये मणी जास्त तापतो, यंत्राला वाटतं बाळ पुरेसं गरम आहे, आणि हीटर मंदावतो. बाळ हळूहळू गारठतं. वॉर्मरखाली मणी उघडा राहिला तर वरून येणारी उष्णता थेट मण्यालाच तापवते आणि पुन्हा तीच फसगत होते. म्हणून मण्यावर चंदेरी, परावर्तन करणारी चकती चिकटवतात. आई-वडिलांना ती सजावट वाटते, पण ती काढली तर मोजमापच कोसळतं. आधुनिक यंत्रं प्रोब तुटला किंवा निघाला तर भोंगा वाजवतात. तार तुटली की रोध अनंत होतो, तारा एकमेकींना चिकटल्या की जवळपास शून्य, आणि हे दोन्ही टोकाचे संकेत यंत्राला ओळखता येतात. अर्धवट सुटलेली चिकटपट्टी मात्र यंत्राला ओळखता येत नाही. ती ओळखायला सिस्टरचा हात आणि डोळा लागतो, आणि काखेत वेगळा तापमापक लावून केलेली पडताळणी लागते.

याहून सूक्ष्म गोष्ट आणखी एक. त्वचेचं तापमान ३६.५ वर धरून ठेवणारं यंत्र ताप लपवू शकतं. बाळाला जंतुसंसर्ग होऊन अंग तापू लागलं की यंत्र हीटर कमी करतं, आणि पडद्यावर आपलं ३६.५ दिसत राहतं. आजारी बाळ गार पडू लागलं तरी तेच. हीटर जास्त राबतो आणि आकडा हलत नाही. अनुभवी परिचारिका म्हणून बाळाच्या आकड्याबरोबर पेटीतल्या हवेचं तापमान आणि हीटरचा जोरही पाहतात. काल ३२ अंशांच्या हवेत सुखानं पडलेल्या बाळाला आज ३५ लागत असेल, तर काहीतरी बिनसलं आहे.

मण्याची चपळाई इतरही ठिकाणी कामाला आली आहे. झोपेत श्वास अडकणाऱ्यांची रात्रभर तपासणी करतात, तेव्हा नाकपुड्यांखाली आणि ओठांवर बारीक उष्णता-संवेदक लावतात. तो अनेकदा थर्मिस्टरच असतो. आत जाणारी हवा गार, बाहेर येणारी उबदार. त्या चढउतारातून श्वासाची लाट उमटते. लाट किमान १० सेकंद ९० टक्क्यांहून अधिक दबली, तर श्वास थांबला असं धरतात. पण मणी हवेची ऊब मोजतो, हवेचं माप नव्हे. श्वास उथळ झाला तरी ऊब फारशी बदलत नाही. म्हणून अर्धवट दबलेला श्वास ओळखायला नाकातला दाब मोजणारी नळी वेगळी लावावी लागते.

हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं हे मोजण्यासाठीही थर्मिस्टर वापरला गेला. फेगलर या शास्त्रज्ञानं १९५४ मध्ये कल्पना मांडली होती. टोकाला फुगा असलेली नळी बनवणाऱ्या स्वान आणि गँझ या जोडीनं १९७० नंतर ती रुग्णांपर्यंत आणली. नळीचं टोक फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत असतं आणि टोकाजवळ मणी. उजव्या कर्णिकेत १० मिलिलिटर गार द्रव झटकन सोडतात. रक्तात मिसळून तो मण्यापाशी पोहोचतो तेव्हा तापमान अंशाच्या काही दशांशांनी खाली येऊन पुन्हा वर चढतं. हृदय जोरदार असेल तर गारवा लवकर वाहून जातो आणि आलेखातला खड्डा लहान. हृदय थकलेलं असेल तर खड्डा मोठा आणि रेंगाळणारा. त्या खड्ड्याच्या क्षेत्रफळावरून मिनिटाला ५ लिटर की २ लिटर हे काढता येतं. पुढे मोठ्या चाचण्यांत या नळीमुळे जीव वाचण्याचं प्रमाण वाढत नसल्याचं दिसलं आणि तिचा सरसकट वापर ओसरला. निवडक रुग्णांत ती आजही लागते.

काही ठिकाणी मण्यानं जाऊच नये. एमआरआयच्या यंत्रात लांब धातूच्या तारा रेडिओलहरींनी तापतात आणि त्वचा भाजते, म्हणून तिथे प्रकाशतंतूंवर चालणारे खास प्रोब वापरतात. आणि जिथे मणी जातो तिथे त्याची तपासणी होत राहायला हवी. रुग्णालयातले जैववैद्यकीय अभियंते मॉनिटरला १,३५५ ओहमचा पक्का रोध जोडून ३७.० दिसतं का हे पाहतात. त्यानं मॉनिटर तपासला जातो, प्रोब नाही. प्रोब तपासायचा तर तो प्रमाणित तापमापकासोबत स्थिर तापमानाच्या पाण्यात बुडवायला हवा. दोन्ही तपासण्या व्हायला हव्यात. पहिलीवर भागवणं म्हणजे निम्मं काम.

घराघरांत आता पाऱ्याच्या जागी डिजिटल तापमापक आला आहे. त्याच्या धातूच्या टोकात हाच मणी बसलेला असतो, आणि त्यालाही तेच लागू आहे: तो स्वतःचं तापमान सांगतो. बीप वाजली म्हणजे आकडा स्थिरावला एवढाच अर्थ. टोक काखेत नीट दाबलं नसेल तर चुकीचा आकडाही तितक्याच खात्रीनं स्थिरावतो. गरम चहा पिऊन लगेच जिभेखाली धरलं तर चहाचा ताप मोजला जातो. अर्धा तास थांबावं. करोनाच्या दिवसांत दारोदारी दिसलेली कपाळावर रोखायची बंदूक वेगळ्या तत्त्वावर, कपाळातून येणाऱ्या अवरक्त किरणांवर चालते. पण तिच्या आतही संवेदकाचं स्वतःचं तापमान कळावं म्हणून अनेकदा एक थर्मिस्टर असतो. ती उन्हात धरली किंवा गार खोलीतून एकदम बाहेर आणली, तर आतला हिशेब जुळेपर्यंत आकड्यावर विसंबू नये.

रुग्णालयात आपलं माणूस असेल तर त्याच्या अंगावरची कुठलीही वायर किंवा चकती स्वतः सरकवू नका. ती निघालेली, लोंबकळलेली दिसली तर लगेच सिस्टरांना सांगा, त्यांना त्याचा राग येत नाही. आणि घरून डॉक्टरांना फोनवर ताप कळवताना नुसता आकडा सांगू नका. तापमापक काखेत लावला होता की जिभेखाली, किती वाजता, आणि त्याआधी तापाची गोळी दिली होती का, हेही सांगा.